दर गुरुवारी आठ वाजता, म्यूटवर

पत्र असं आहे:

ताई, आमच्या भागातल्या प्रोग्रॅमर मंडळींचा एक छोटा गट आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी सुरू केला. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ऑफिसात जमायचो. टॉक पाऊण तासाचा आणि नंतर गप्पा दोन तासांच्या. पुढे जागा गेली, बरेच जण नोकरीसाठी बाहेर गेले, म्हणून सगळं ऑनलाइन नेलं आणि उत्साहाच्या भरात दर गुरुवारी ठेवलं. पहिल्या महिन्यात सत्तर जण आले. आता चौदा येतात, त्यातले बारा कॅमेरा बंद करून. मी ‘काही प्रश्न?’ विचारतो आणि मला फक्त माझ्या लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज येतो. झूमचा मोफत कॉल चाळीस मिनिटांनी तुटतो, नवी लिंक टाकली की निम्मे परत येत नाहीत. माझा सहसंयोजक म्हणतो, मोठ्या नावाचे स्पीकर आणू, आपोआप गर्दी होईल.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तीन आठवड्यांपूर्वी एक नवी मुलगी आली होती. रीबेस, म्हणजे कोडमधले आपले बदल नव्या पायावर पुन्हा रचणं, केल्यावर तिचे चार दिवसांचे कमिट, म्हणजे जतन केलेले बदल, गायब झाले होते, आता काय करू, असं तिने विचारलं. आमच्यातले एक अनुभवी सदस्य हसून म्हणाले, ‘अजून रीबेस कळत नाही? हे तर बेसिक आहे.’ मी काही बोलणार एवढ्यात कॉल तुटला. ती परत आली नाही. स्पीकर शोधणं, पोस्टर, लिंक, रेकॉर्डिंग सगळं मीच करतो. बायको म्हणते, गुरुवारी तुझ्याकडे बघवत नाही. बंद करून टाकू का?
दर गुरुवारचा यजमान

यजमान,

मीटअप ठेवा. व्याख्यान बंद करा, आणि ‘दर गुरुवार’ही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं की तक्रार गर्दीची आहे, त्या मुलीची गोष्ट जाता जाता आली आहे. दुसऱ्यांदा वाचताना दोन्ही एकच तक्रार वाटली. रीबेस ही गिटमधली गोष्ट, आणि तुम्ही सगळे गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, रोज वापरणारे. त्या संध्याकाळी कॉलवर तिच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेले चार-पाच जण तरी असणारच. तरीही उत्तर तिच्यापर्यंत पोचलं नाही. असे गट निघतात ते अडकलेल्या माणसाची आणि त्याच जागी आधी अडकून सुटलेल्या माणसाची गाठ पडावी म्हणून. तुमच्याकडे ते दोघे एकाच कॉलवर होते आणि गाठ पडली नाही. ती का पडली नाही, एवढंच शोधायचं आहे. सत्तरचे चौदा का झाले, त्याचं उत्तर त्याच वाटेवर सापडेल.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी मंडळींच्या गटाची पहिली बैठक झाली. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक त्या बैठकीला होते, म्हणून ती गॅरेजची गोष्ट पुष्कळ सांगितली जाते. मला त्या क्लबातली वेगळीच गोष्ट आवडते. पुढे माणसं वाढली, बैठका सभागृहात गेल्या आणि ली फेल्सेन्स्टाइन हे अभियंते त्या चालवू लागले, तेव्हा बैठकीचे भाग पडले. एका भागात लोक उभे राहून थोडक्यात सांगायचे: माझ्याकडे हे आहे, मला ते हवंय, मी इथे अडकलोय. याला ते ‘मॅपिंग’ म्हणत. नंतरच्या भागाचं नाव ‘रँडम अ‍ॅक्सेस’. सगळे जागेवरून उठायचे आणि मघाशी ज्याचं बोलणं आपल्या कामाचं वाटलं, त्याला जाऊन गाठायचे.

तुमच्या जुन्या बैठकीत ते दोन तास असेच जात होते. त्याला नाव नव्हतं इतकंच. पाऊण तासाचा टॉक हे जमायचं निमित्त होतं. ऑनलाइन जाताना तुम्ही निमित्त तेवढं बरोबर नेलं आणि दोन तास त्या ऑफिसात राहिले. यात तुमची चूक नाही. व्हिडिओ कॉलचा साचाच व्याख्यानाचा आहे, त्यात काहीही ओतलं तरी व्याख्यानच निघतं.

त्याचं कारण समजून घ्या, म्हणजे त्या शांततेचा राग यायचा थांबेल. एका खोलीत तीस माणसं असली की एका वेळी सात-आठ संभाषणं चाललेली असतात. कॉलवर एकच चालतं. शिवाय बोलण्याची पाळी माणसं फार बारीक अंतराने घेतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा भाषांमधली बोलणी तपासली होती. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद लागतात. भाषेगणिक थोडा फरक, पण अंतर एवढंच. आता आवाज कॉलवरून जाताना काय होतं पाहा. तो आकड्यांत बदलतो, डेटाच्या छोट्या पाकिटांतून निघतो, पलीकडे पाकिटं उशिरा-लवकर पोचतात म्हणून थोडा वेळ साठवला जातो आणि मग वाजतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की एका बाजूचा हा प्रवास शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत व्हावा. कमकुवत कनेक्शनवर तो त्याहून जास्त होतो. म्हणजे जे अंतर माणसं पाळी घ्यायला वापरतात, ते जाळंच खाऊन टाकतं. मग दोघे एकदम बोलायला लागतात, ‘तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तुम्ही’, आणि तिसऱ्या वेळी भिडस्त माणूस म्यूटचं बटण शोधतो. भिडस्त गप्प बसले की बोलायला उरतात ते भीड नसलेले. ‘हे तर बेसिक आहे’ म्हणणारे गृहस्थ तुमच्या गटात आधीपासून असतील. ऑफिसात त्यांच्या शेजारी आणखी सात संभाषणं चालायची, त्यामुळे त्यांचा आवाज एवढा मोठा नव्हता.

म्हणून ‘काही प्रश्न?’ हा प्रश्न चौदा जणांसमोर पुन्हा विचारू नका. चारांत विचारा. चार माणसांत पाळी चुकली तरी सावरता येते, आणि चौथा माणूस गप्प आहे हे बाकीच्या तिघांच्या लक्षात येतं.

आता पुढच्या बैठकीचं सांगते. टॉक नाही, स्पीकर नाही. सुरुवातीला चॅटमध्ये प्रत्येकाने एक ओळ लिहायची: सध्या कुठे अडकलोय, किंवा कशात मदत करू शकेन. बोलायचं नाही, लिहायचं, कारण लिहिताना पाळी लागत नाही आणि भिडस्त माणूसही लिहितो. झालं तुमचं मॅपिंग. मग छोट्या खोल्या उघडा आणि ज्याला ज्या ओळीपाशी जायचंय तिथे जाऊ द्या. झूम आणि बिगब्लूबटन या दोन्ही कॉल-सॉफ्टवेअरमध्ये सहभागींना आपली खोली स्वतः निवडता येते. सॉफ्टवेअरला वाटणी करू देऊ नका. ते रँडम अ‍ॅक्सेसमधला फक्त रँडम उचलतं.

पण नुसत्या गप्पांवर गट किती दिवस चालेल? अडचण सुटली की माणसं निघून जातील, आणि ज्यांना अडचण नाही ते येणारच नाहीत. म्हणून एक आड एक बैठकीला हाताला काम द्या. यासाठी कोड रिट्रीट नावाची एक जुनी, तावून सुलाखून निघालेली रीत आहे. पहिला २००९ च्या जानेवारीत अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला झाला. दोघादोघांनी बसायचं, ४५ मिनिटं एकच कोडं सोडवायचं, आणि वेळ संपली की कोड डिलीट करायचा. पूर्ण झाला असो वा नसो. डिलीट करायचंय हे आधीच माहीत असल्याने कुणी कुणावर छाप पाडायला जात नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा डिलीट करताना मला खरोखर वाईट वाटलं होतं, आणि दुसऱ्या फेरीत मी आधीपेक्षा निम्म्या ओळी लिहिल्या.

कोडं म्हणून ‘गेम ऑफ लाइफ’ घ्या. गणितज्ञ जॉन कॉनवे यांचं, १९७० सालचं. चौकटींचा कागद असतो. प्रत्येक घर जिवंत किंवा मृत, प्रत्येक घराला आठ शेजारी. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असले तर ते पुढच्या पिढीत टिकतं, मृत घराचे नेमके तीन शेजारी जिवंत असले तर तिथे नवा जीव येतो, बाकी सगळी घरं मृत. नियम दोन मिनिटांत सांगून होतात, आणि गंमत अशी की नवखा आणि मुरलेला दोघांनाही इथे अडखळायला जागा आहे. नवखा द्विमितीय अ‍ॅरे, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, घेतो, शेजारी मोजता मोजताच त्याच अ‍ॅरेत नवी पिढी लिहू लागतो आणि सगळी गणितं बिघडतात, कारण अर्धे शेजारी एव्हाना पुढच्या पिढीत गेलेले असतात. हा बग प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी केलेला असतो, तेव्हा हसून सांगणारा कुणीतरी खोलीत असतोच. मुरलेला वेगळ्याच जागी अडतो: कागदाला कडा नाहीत, मग अ‍ॅरे केवढा घ्यायचा? घरं साठवूच नयेत, फक्त जिवंत घरांचे पत्ते एका सेटमध्ये, म्हणजे नुसत्या संग्रहात, ठेवावेत, हे कुणाला तरी सुचतं, आणि पुष्कळदा ते नवख्यालाच सुचतं.

ऑनलाइन हे दोघांऐवजी चौघांत चांगलं जमतं, कारण एकाचं कनेक्शन गेलं तर दुसरा एकटा पडत नाही. एकाने टाइप करायचं, तो ड्रायव्हर. बाकीच्यांनी काय टाइप करायचं ते सांगायचं, ते नेव्हिगेटर. मुख्य नियम हा की ज्याला कल्पना सुचली त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, कल्पना दुसऱ्याच्या हातांतूनच कोडमध्ये जायला हवी. दर सहा-सात मिनिटांनी ड्रायव्हर बदलायचा. स्क्रीन शेअर बंद करून दुसऱ्याने सुरू करण्यात वेळ जातो, त्यावर दोन उपाय आहेत. एक, एडिटरमधलं लाइव्ह शेअरसारखं एक्स्टेंशन, ज्यात चौघांचे कर्सर एकाच फाइलमध्ये फिरतात. दुसरा मला जास्त आवडतो: रेपोत, म्हणजे गिटमधल्या कोडच्या सामायिक साठ्यात, प्रत्येक खोलीची एक तात्पुरती ब्रँच (वेगळी शाखा), पाळी संपली की अर्धवट असेल तसं कमिट करून पुश (साठ्यात पाठवायचं), पुढच्याने पुल (तिथून उतरवून घ्यायचं). यात नवख्याला गिटची भीती जाईपर्यंत गिट वापरावं लागतं, आणि तुमच्या गटाला त्याची गरज आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतंय.

एक सावधगिरी. इन्स्टॉलेशनसाठी बैठकीतला वेळ देऊ नका. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या वर्कशॉप ‘माझ्याकडे हे चालत नाही’ इथेच संपल्या आहेत. एक रिकामी टेस्ट चालून पास होईल एवढा कोडचा सांगाडा दोन दिवस आधी रेपोत टाका. खोलीत एकाच्या मशीनवर चाललं तरी पुरे. कुणाच्याच मशीनवर चाललं नाही, तर बऱ्याच भाषांचं ब्राउझरमध्ये चालणारं प्लेग्राउंड असतं, त्यात करा.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. कुणी एकाच खोलीत चार माणसांसोबत राहतं, कुणी पलंगावर आडवं पडून ऐकतं, कुणाचं कनेक्शन व्हिडिओ पेलत नाही. आवाजाला लागणारा डेटा व्हिडिओच्या मानाने किरकोळ असतो. बहुतेक ब्राउझर कॉलमध्ये वापरला जाणारा ओपस हा कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करणारी पद्धत, अगदी सेकंदाला ६ किलोबिटपर्यंत खाली उतरू शकतो. तेव्हा अडखळणाऱ्याला ‘व्हिडिओ बंद कर, येणारेही बंद कर, ऐकू येईल’ असं सांगा. हाताला काम मिळालं की कॅमेरे बंद असल्याचं तुम्हाला जाणवणारही नाही, कारण सगळ्यांचं लक्ष कोडकडे असेल.

आता तुमच्या सहसंयोजकाचा मुद्दा. मोठ्या नावाने गर्दी होईल, हे खरं आहे. एक दिवस होईल. पण त्या माणसाची भाषणं जालावर आधीच असतात; त्यातलंच एखादं तो तुमच्याकडे पुन्हा करेल, आणि लोक तेच अर्ध्या स्पीडने किंवा दीडपट स्पीडने घरी ऐकू शकले असते. तो येतच असेल तर त्याचं भाषण आठवडाभर आधी पाहून यायला सांगा आणि त्याला कॉलवर फक्त प्रश्नांसाठी बोलवा. बरेच मोठे लोक याला चटकन हो म्हणतात, कारण तयारी करावी लागत नाही. सहसंयोजकाला टॉकचीच हौस असेल, तर त्याच्याकडे लाइटनिंग टॉक सोपवा. पाच मिनिटं, घड्याळ लावून, वेळ संपली की मध्येच थांबवायचं. पर्ल भाषेच्या लोकांनी २००० सालच्या त्यांच्या परिषदेत हे नाव रूढ केलं. पाच मिनिटांत कुणाला आर्किटेक्चर समजावता येत नाही. ‘या महिन्यात मी दोन दिवस कशावर घालवले’ एवढंच सांगता येतं, आणि तुमच्या गटाला तेच हवंय. मात्र टॉक चौघांत होत नसतात, तेव्हा बैठकीत तीनपेक्षा जास्त ठेवू नका.

चाळीस मिनिटांचं गाऱ्हाणं सोपं आहे. जिट्सी मीट मुक्त स्रोत आहे, त्यावर ही मर्यादा नाही, छोट्या खोल्याही आहेत. २०२३ पासून त्यांच्या मोफत सर्व्हरवर खोली उघडणाऱ्याला लॉगइन करावं लागतं. बाकीचे नुसत्या लिंकने येतात. झूमच ठेवायचं असेल, तर कॉल तुटण्याआधी पाच मिनिटं स्वतःच मध्यंतर जाहीर करा आणि दुसरी लिंक पहिल्या लिंकच्या शेजारीच आधीपासून लिहून ठेवा. वाक्य अर्धवट राहून कॉल तुटला की लोकांना वाटतं संपलं. तसं वाटणं त्यांच्या पथ्यावरही पडतं.

लिंक जगजाहीर टाकत असाल तर वेटिंग रूम चालू ठेवा आणि मुख्य खोलीतलं स्क्रीन शेअर फक्त होस्टच्या हातात ठेवा. २०२० मध्ये उघड्या लिंकवर घुसून धिंगाणा घालण्याचे प्रकार इतके झाले की त्याला ‘झूमबॉम्बिंग’ असं नावच पडलं. दार सांभाळायला एक वेगळा माणूस हवा. बोलणाऱ्याने दार सांभाळायचं नसतं.

स्क्रीनबद्दल दोन शब्द, कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. फॉन्ट तुम्हाला हास्यास्पद वाटेल एवढा मोठा करा. निम्मे लोक फोनवर बघत असतात, आणि कॉल चित्र दाबून लहान करतो, त्यात अक्षरं धूसर होतात. नोटिफिकेशन बंद. आणि डेमो देताना प्रोजेक्टचं फोल्डर उघडं टाकू नका. एकदा मी आमच्या गटात डेमो देताना डॉट एन्व्ह फाइलवर, म्हणजे गुप्त किल्ल्या ठेवतात त्या फाइलवर, चुकून क्लिक केलं. तीन सेकंद क्लाउड खात्याची किल्ली सगळ्यांसमोर होती, रेकॉर्डिंग चालू होतं, आणि रात्री ते जसंच्या तसं चढवलंही गेलं. कुणीतरी सकाळी कळवलं. मी काय केलं असेल? व्हिडिओ उतरवला, ते तीन सेकंद कापले, पुन्हा चढवला, यात दीड तास घालवला. किल्ली रद्द करायचं दुपारी लक्षात आलं. तोवर तिचा वापर करून कुणीतरी आपली कामं उरकून घेत होतं. म्हणून सांगते, आधी किल्ली रद्द, बाकीचं नंतर. आणि छोट्या खोल्यांचं रेकॉर्डिंग करूच नका. आपला ‘बावळट’ प्रश्न कायमचा साठतोय हे माहीत असलं की माणूस तो विचारत नाही.

त्या अनुभवी सदस्यांकडे वळते. न्यूयॉर्कमध्ये रिकर्स सेंटर नावाचं प्रोग्रॅमरांसाठीचं ठिकाण आहे, तिथे वागण्याचे चार छोटे नियम आहेत. त्यातला एक तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे: एखाद्याला एखादी गोष्ट माहीत नसल्याचं कळलं तर आश्चर्याचं नाटक करायचं नाही. ‘काय सांगतोस, तुला हे माहीत नाही?’ या वाक्याने ऐकणाऱ्याला काहीच शिकायला मिळत नाही, बोलणाऱ्याला मात्र बरं वाटतं. त्यांचा दुसरा एक नियम ‘खरं तर...’ म्हणून मुद्द्याशी संबंध नसलेली दुरुस्ती करणाऱ्यांसाठी आहे. हे नियम मोडले तर शिक्षा नसते. कुणीतरी ‘अहो, नाटक झालं’ म्हणतं, माणूस ‘हो, सॉरी’ म्हणतो आणि काम पुढे चालू. असे तीन-चार नियम तुमच्या शब्दांत लिहून निमंत्रणातच टाका, आणि त्रास झाला तर कुणाला सांगायचं त्या दोन माणसांची नावंही. नावं तुमची आणि त्या सदस्यांची नकोत.

त्यांच्याशी फोनवर बोला. ग्रुपवर नको आणि मेसेजमध्ये तर मुळीच नको. पत्रावरून तरी मला ते दुष्ट वाटत नाहीत. सत्तरचे चौदा झाल्यावरही येणारा माणूस गटावर जीव असल्याशिवाय येत नाही. बहुधा त्यांना एवढंच माहीत नसेल की ती गेली, आणि का गेली. ते सांगा. मग त्यांना एका खोलीत कायमचा नेव्हिगेटर करा, कीबोर्डला हात न लावण्याच्या अटीवर. आपल्याला जे ‘बेसिक’ वाटतं ते दुसऱ्याच्या हातून, नुसत्या शब्दांनी करून घेताना किती शब्द लागतात, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळेल. मी अशा दोघांना सुधारताना पाहिलंय. तिसरा गट सोडून गेला. त्याचंही फार वाईट वाटलं नाही.

बाहेरगावी गेलेल्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण सहसंयोजक कधीतरी म्हणेलच की आता ऑनलाइन आहोत तर जगाला दार उघडू. माझं मत थोडं हट्टी आहे. गेलेल्यांना ठेवा, ते तुमचेच आहेत. जगाला जगाचे गट आहेत. तुमच्याकडे ‘त्या टॉकला मागे तो बसला होता ना, त्याला विचार’ असं म्हणता येतं, ते दोनशे अनोळखी नावांत म्हणता येणार नाही. आणि भाषा आपली ठेवा. फंक्शनला फंक्शन म्हणा, पण अडलं कुठे ते ज्या भाषेत कपाळाला हात लावता त्याच भाषेत सांगू द्या. इंग्रजीत वाक्य जुळवता जुळवता कित्येकांचा प्रश्नच विरून जातो. माझेही विरले आहेत.

आता तुमचं. प्रोजेक्टमध्ये आपण बस फॅक्टर मोजतो: किती माणसं उद्या अचानक नसली तर काम ठप्प होईल. तुमच्या गटाचा बस फॅक्टर एक आहे, आणि तो एक दर गुरुवारी रात्री थकून झोपतो. आठवड्याऐवजी महिन्यातून एक बैठक, ठरलेला वार, ठरलेली वेळ, कायम तीच लिंक. पोस्टर नको, तारीख कधी बदलत नसेल तर पोस्टर कशाला? दर वेळी यजमान वेगळा, आणि पुढचा यजमान आधीच्या बैठकीतच ठरवायचा, नाहीतर रविवारी रात्री तुम्ही पुन्हा ‘मीच करतो’ म्हणाल. वर्षातला एक महिना सुट्टी जाहीर करा. आणि हजेरी मोजायची सवय असेलच, तर किती आले याच्या शेजारी आणखी दोन आकडे लिहा: किती जण बोलले, आणि किती जण तिसऱ्यांदा आले. चौदांपैकी बारा बोलले तर ते सत्तरांपेक्षा जास्त आहेत. चारच आले तर एक खोली झाली, सुरू करा.

हे सगळं सावकाश करा. एक गोष्ट मात्र आजच करायची आहे, म्हणून हे उत्तर छापून येण्याआधीच मी तुम्हाला मेलने पाठवते आहे. त्या मुलीचे कमिट गेलेले नाहीत. रीबेस जुने कमिट पुसत नाही, त्यांची नवी प्रत बनवतो आणि ब्रँच त्या नव्या प्रतीकडे वळवतो. जुने तिथेच असतात, फक्त त्यांच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरत नाही. गिट रीफ्लॉग ही आज्ञा चालवली की तिच्या मशीनवर त्या रेपोत झालेल्या सगळ्या हालचाली दिसतील. त्यात रीबेस सुरू होण्याच्या आधीची ओळ शोधायची आणि तिथल्या हॅशवर, म्हणजे कमिटच्या ओळखखुणेवर, नवी ब्रँच काढायची. चार दिवसांचं काम परत. पण ब्रँचवरून सुटलेल्या अशा नोंदी गिट मूळ सेटिंगमध्ये ३० दिवसच धरून ठेवतं, त्यानंतरच्या साफसफाईत त्या जाऊ शकतात. रेपो तिने डिलीट करून पुन्हा क्लोन केला, म्हणजे नव्याने उतरवून घेतला, नसेल अशी आशा करू. तीन आठवडे झालेत, म्हणजे तुमच्याकडे अजून आठवडाभर आहे.

तिला लिहा. मीटअपची लिंक पाठवू नका, ‘परत ये’ म्हणू नका, त्या सदस्यांच्या वतीने लांबलचक माफीही नको. एवढंच विचारा: तुझे कमिट मिळाले का? नसतील तर रेपोला हात लावू नकोस, आज रात्री दहा मिनिटं कॉलवर बसू.